अझोला वाफ्यातच वाढवा, गावतळ्यात नको

‘मूठभर अझोला गावतळ्यात सोडा, पाणी शुद्ध होईल, डास संपतील आणि जनावरांना प्रथिनयुक्त खाद्य फुकट मिळेल,’ असा संदेश शेतकऱ्यांमध्ये सर्रास फिरतो आहे. अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारी नेच्याच्या कुळातली इवलीशी वनस्पती. ताडपत्री अंथरून पाणी भरलेल्या वाफ्यात वाढवलेला अझोला उपयोगी असतो, याबद्दल दुमत नाही. तळ्यात सोडण्याचा सल्ला मात्र घातक आहे.

पाणी शुद्ध होण्याचा दावा आधी पाहू. अझोलाची पाने पाण्यावर तरंगतात, त्यामुळे त्यांचा प्राणवायू बहुतांशी हवेत जातो. दाट थराखाली उजेड पोचत नाही, तिथल्या वनस्पती मरतात आणि तळाशी कुजणारा अझोला उरलासुरला प्राणवायूही संपवतो, तेव्हा मासे तोंड वर काढून तडफडू लागतात. तो पाण्यातले स्फुरद (फॉस्फरस) शोषतो हे खरे. पण वेळोवेळी बाहेर काढला नाही तर कुजताना ते पाण्यातच परत जाते, शिवाय पानांत राहणाऱ्या नीलहरित जिवाणूंनी हवेतून मिळवलेल्या नत्राची (नायट्रोजनची) भर पडते ती वेगळीच.

डास तर पाणी पूर्ण झाकले गेले तरच कमी होतात. वाऱ्याने थर एका काठाला लोटला की बाकीचे पाणी उघडेच.

‘२५ टक्के प्रथिने’ हा आकडा वाळवलेल्या अझोलाचा आहे. १ किलो ओल्या अझोलात कोरडा भाग साधारण ६० ग्रॅम, म्हणजे प्रथिने फार तर १५ ग्रॅम. त्यातही सांडपाण्याच्या तळ्यातला अझोला शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेतो. जो पाणी गाळायला सोडला, तोच गाईपुढे कसा टाकणार?

‘नको तेव्हा काढून टाकता येतो,’ हे सर्वांत फसवे आश्वासन. एक रोप तळहातावर घेऊन पाहा: नखाएवढे, खाली केसासारखी मुळे, बोटाने हलके दाबले तरी तुकडे पडतात, आणि त्या तुकड्यांतून नवी रोपे वाढतात. अनुकूल हवेत ५ दिवसांत दुप्पट धरले, तरी जाळीतून निसटलेला अझोला महिन्याभरात ६४ पट होतो. दक्षिण आफ्रिकेत १९४८ मध्ये प्रथम आढळलेली अझोलाची अमेरिकी जात पुढे इतकी फोफावली, की १९९७ मध्ये तिच्यावर जगणारा सोंडकिडा मुद्दाम सोडावा लागला. इंग्लंडने २०१४ पासून तिची विक्रीच बंद केली आहे.

म्हणून वाफा ओढ्यापासून दूर ठेवा, पावसात भरून वाहणार नाही इतके काठ उंच करा आणि जादा अझोला शेणखताच्या खड्ड्यात टाका.