हानबोक घातला तर दंड? छे, तिकीट माफ!

ग्रुपवर फिरतंय की कोरियात परदेशी माणसाने हानबोक म्हणजे तिथला पारंपरिक पोशाख घातला तर तिथल्या लोकांना अपमान वाटतो, दंडपण होतो म्हणे. साफ चूक आहे हे. उलट सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याचं ३००० वॉनचं तिकीट हानबोकवाल्यांना माफ असतं, मग तुम्ही कोरियन असा नाहीतर कोल्हापूरचे, म्हणून तर राजवाड्याच्या आसपास भाड्याने ड्रेस देणारी इतकी दुकानं आहेत. फक्त वर जॅकेटसारखा जोगोरी आणि खाली घागऱ्यासारखा चिमा किंवा सैलसर पँट म्हणजे बाजी, असा पूर्ण जोड हवा, जीन्सवर नुसता जोगोरी चढवून फुकट एन्ट्री नाही मिळत. आणि मंगळवारी जाऊ नका, शक्यतो बंद असतो, नटूनथटून गेटवरच फोटो काढावे लागतील. सोलच्याच चांगदोकगुंग राजवाड्यातही हानबोकवाल्यांना एन्ट्री फ्री, पण मागच्या बागेचं तिकीट वेगळं.