चाकाला शेक कधी आणि किती: फोंड्याच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

मोटरसायकलचं मॅग व्हील, म्हणजे ओतीव ॲल्युमिनियमचं चाक, घरी रंगवून त्याला शेक कसा द्यायचा, या माझ्या लेखावर तुमचं मत वाचलं. 'मॅग व्हील घरी रंगवून तापवणं हा पोरखेळ आहे. ॲल्युमिनियमची ताकद जाते, थिनरच्या वाफेने कुणाचं तरी घर पेटेल, आणि एवढं करून पहिल्याच पावसात पापुद्रे निघतील. चाक पावडर कोटिंगलाच (रंगाची कोरडी भुकटी मारून भट्टीत भाजायला) द्यावं,' असं तुम्ही लिहिलंत. इतकी वर्षं गाड्या रंगवलेला माणूस हे म्हणतो, तेव्हा नुसतं 'धन्यवाद' लिहून मोकळं होणं मला पटलं नाही.

आगीचं म्हणणं पूर्ण मान्य. 'लहान भाग घरच्या ओव्हनमध्येही भाजता येतात' हे वाक्य मी काल रात्रीच काढून टाकलं. एकदा रंग भाजला की त्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न शिजवायचं नाही, आणि गॅसच्या ज्योतीजवळ ओला रंग न्यायचाच नाही. म्हापशाच्या एका मुलाने पोदेराची (पाववाल्याची) बंद पडलेली भट्टी वापरू का, असं विचारलंय. त्यालाही इथेच सांगतो: बाबा, नको. लाकडाच्या भट्टीत एका कोपऱ्यात 150 अंश आणि दुसऱ्यात 300 असले, तरी बाहेरून काही कळत नाही.

ताकदीच्या बाबतीत मात्र थोडं थांबू. मॅग व्हील बहुधा ॲल्युमिनियम, सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम अशा मिश्रधातूचं ओतलेलं असतं. ओतल्यावर ते 540 अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करतात आणि मग 150-160 अंशांत काही तास ठेवून त्याला बळकटी आणतात. त्याच्या बऱ्याच वर चाक जास्त वेळ राहिलं तर धातू नरम पडतो, हे तुमचं बरोबर. पण मी सांगितलेला शेक 60 अंशांचा आहे, तोही अर्धा तास. टू-के रंगाला, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या दोन भागांच्या रंगाला, तेवढा पुरतो. तुम्ही सुचवलेल्या पावडर कोटिंगलाच 180 ते 200 अंश लागतात. नीट मोजून 10-20 मिनिटं दिले तर चाक ते सोसतं, कंपन्याही करतात. म्हणजे ताकदीची काळजी असेल, तर माझी पद्धत जास्त सौम्य आहे.

पावडरवर माझा राग नाही, पण एक अनुभव आहे. एका ठिकाणाहून पुढचं चाक करून आणलं. ब्रेकची डिस्क जिथे बसते त्या कडेवरही त्यांनी जाड थर चढवला होता आणि मी तो न बघता डिस्क आवळली. महिन्याभरात ब्रेक दाबला की लिव्हर बोटाखाली ठकठक उडू लागला. खोलून पाहिलं तर बोल्टाखालचा रंग चिरडून बसला होता आणि दोन बोल्ट ढिले होते. तेव्हापासून डिस्कची बैठक, बेअरिंगचं घर आणि टायर टेकतो ती कड मी स्वतः टेप लावून झाकतो. आणि शेक द्यायच्या आधी बेअरिंग, सील, वॉल्व्ह, टायर सगळं उतरवतो.

आता पापुद्रे. माझं मुख्य म्हणणं इथेच आहे, आणि मूळ लेखात ते मी पुरेसं स्पष्ट केलं नव्हतं. गोव्यात शेक रंगानंतर लागतो त्याहून जास्त रंगाआधी लागतो.

माझं घर मोरजीला, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. जुलैत पडवीत 27 अंश आणि हवेत 90 टक्के दमटपणा असला, की 25 अंशांच्या कुठल्याही गार वस्तूवर पाणी धरतं. रात्रभर फरशीवर पडलेलं चाक सकाळी कोरडं दिसतं, पण बोट फिरवलं की रेघ उमटते. त्यावर प्रायमर मारलात तर तो धातूवर बसत नाही, पाण्यावर बसतो. शिवाय टू-केचा हार्डनर ओलाव्याशी संयोग पावतो, त्यातून वायू सुटतो आणि रंगात बारीक फोड येतात. खाऱ्या वाऱ्याचं मीठ रंगाखाली राहिलं तर ते वर्षभर पाणी ओढत राहतं. पापुद्रे तिथून सुरू होतात.

म्हणून आधी साबण आणि गोडं पाणी, मग पॉलिश पेपर, पुन्हा पाणी. मग जुन्या पत्र्याच्या कपाटात दोन हॅलोजन दिवे लावून चाक 40-45 अंशांपर्यंत ऊबदार करायचं. बाहेर काढून थिनरने पुसायचं आणि ऊब असतानाच एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा पहिला थर, मारायचा. इथे एक फसवणूक होते. तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक उघड्या ॲल्युमिनियमवर धरली तर आकडा खोटा येतो. माझ्या बंदुकीने घासलेल्या धातूवर 30 दाखवले, शेजारी चिकटवलेल्या काळ्या टेपवर 44. टेपवरचा आकडा खरा.

रंग मारल्यावर पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर, तेव्हाच थिनर उडून जातो. माझ्या पहिल्या चाकाला मी तेवढा धीर धरला नाही, लगेच कपाटात घातलं. आतला थिनर वरची साय फोडून निघाला आणि आऱ्यांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली. सगळं पुन्हा घासावं लागलं. तुम्ही सांगितलेली वाफेची भीतीही याच धीराने बरीच कमी होते. शिवाय कपाटाला वर-खाली भोकं ठेवायची.

मास्कबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, मीही आधी दोनच शब्द लिहिले होते. हार्डनरमधल्या आयसोसायनेटची ॲलर्जी एकदा बसली की दमा जन्मभर राहू शकतो. तोंडाला रुमाल बांधून टू-के फवारणाऱ्या मुलांना कृपया तुमच्याकडूनही सांगा. तुमचं ते ऐकतील.

या चाकाचा हा दुसरा पावसाळा. चवथीला माशेलला मामाकडे येणार आहे, तेव्हा गाडी घेऊन तुमच्याकडे येतो. ब्लेडने एक-एक मिलिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारा, टेप चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपला रंग आला, तर पुढचं चाक तुमच्या हाताखाली रंगवीन.