टाइप केलेला घसा

आमचे लंडनचे क्लायंट म्हणजे अतिशय सज्जन गृहस्थ. कधी आवाज चढवत नाहीत, उलट उत्तर देत नाहीत. फाइल वेळेवर गेली नाही, की चॅटवर फक्त 'अहेम' असं उमटतं. पुढे पूर्णविराम. वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण साहेबांच्या घशात काहीही अडकलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक असतं. ज्याला खरा ठसका लागतो तो आधी ए दाबून मग एच, ई, एम शोधत बसतो का? एवढ्या शिस्तीत कफ कुणाचाच सुटत नाही.

आपल्याकडे हे काम तोंडीच चालायचं. आजी सांगायची, तिचे मामंजी ओसरीवर पाऊल ठेवण्याआधी अंगणातूनच खाकरायचे. आत पदर सारखे व्हायचे, त्यांच्याचविषयी चाललेल्या गप्पा बंद पडायच्या. इंग्रजांचंही मूळ तेच असावं. शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' १६०४ साली राजवाड्यात झालं. त्याच्या चौथ्या अंकात ऑथेल्लो एमिलियाला दाराबाहेर पिटाळतो आणि बजावतो, कुणी आलंच तर खोक, नाहीतर 'हेम' कर. या 'हेम'लाच पुढे 'अ' चिकटला आणि तो माझ्या चॅटपर्यंत येऊन पोचला. मामंजींचं खाकरणं निदान सावध तरी करायचं. हे खाकरणं उशीर झाल्यावरच येतं.

पूर्णविरामवाला 'अहेम' तरी बरा. खरा जहरी तो, वाक्याच्या मध्येच दोन स्वल्पविरामांत बसवलेला. 'तुमचा हा, अहेम, अंतिम मसुदा मिळाला.' बस्स. 'अंतिम' या शब्दाची अब्रू गेली आणि साहेबांनी तोंडातून वावगं काही काढलंही नाही.

'हरम्फ', म्हणजे नापसंतीचं खाकरणं, मात्र आम्हाला अजून आलेला नाही. तो मिशीतून निघणारा, रिटायर्ड कर्नल छापाचा घसा. त्यासाठी क्लब आणि आरामखुर्ची लागत असावी.

पण सगळ्यात गोंधळ 'ई-आर'चा. इंग्रज अडखळला की 'ई-आर' लिहितो आणि उच्चारतो नुसता 'अऽऽ'. त्यातला आर केवळ शोभेचा असतो. अमेरिकन त्या जागी 'अं' किंवा 'अम्' असं काहीतरी लिहून मोकळा होतो. आमच्या टीममधल्या एकाने साहेबांची मेल मीटिंगमध्ये खणखणीत वाचली: "देअर इज, अर्र, अ मिस्टेक इन द टोटल!" सगळ्यांना एकदम भरून आलं. साहेबांना आपल्या चुकीचं मनापासून वाईट वाटलं, असा समज पसरला.

आता 'अहेम'ला उत्तर काय द्यायचं, हा प्रश्न उरतोच. माफी मागावी तर साहेब म्हणणार, मी कुठे काय बोललो? गप्प बसावं तर पुन्हा 'अहेम', आणि या वेळी मॅनेजर सीसीत. शेवटी हा पेच नव्याने लागलेल्या ट्रेनीने सोडवला. ग्रुपवर 'अहेम' आलं आणि आम्ही जुनेजाणते माना खाली घालून बसलो असताना त्याने अत्यंत कळकळीने लिहिलं, "सर, रात्री झोपताना गरम दुधात हळद घालून घ्या. थंड पाणी बंद."

पलीकडे बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. थांबलं. पुन्हा सुरू झालं.

मग उत्तर आलं : "थँक यू, आय विल ट्राय इट. अँड द फाइल?"