चालू गाडीची बॅटरी काढू नका : ‘पाच घरगुती उपायां’ना उत्तर

गावाकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. ‘जुन्या गाडीचा चेक इंजिन लाइट घरीच घालवा, हजारो रुपये वाचवा.’ चेक इंजिन लाइट म्हणजे इंजिनात दोष सापडला की डॅशबोर्डवर पेटणारा दिवा. खाली पाच उपाय आणि शेवटी ‘गरजू शेतकरी बांधवांपर्यंत पोचवा’. पोचला की! आर्णीहून आमच्या काकाजींचा फोन आला, “काऊन रे, टर्मिनल चालू गाडीतच काढाचा न? का बंद करून?” पाना हातात घेऊनच बोलत होते.

उपाय असे आहेत. चालू इंजिनवर बॅटरीचा माइनस काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) खराब. लाइट जात नसेल तर टर्मिनल पंधरा मिनिटं काढून ठेवा. स्कॅनरवर (गाडीने नोंदलेले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) ज्या सेन्सरचं नाव येईल तो सेन्सर बदला. ऑक्सिजन सेन्सर काढून फेका, ॲव्हरेज वाढतं. फ्यूज सारखा उडत असेल तर त्या जागी तांब्याची तार टाका.

हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी मल्टिमीटर हातात धरला असेल असं वाटत नाही.

पहिला उपाय सगळ्यात घातक. ही युक्ती डायनॅमोच्या, म्हणजे अल्टरनेटरच्या आधीच्या चार्जिंग यंत्राच्या, जमान्यातली आहे. पॉइंट, कॉइल आणि कार्बुरेटरवर चालणाऱ्या जीपगाड्यांत जुने मिस्त्री असंच करायचे. बॅटरी काढूनही इंजिन चालत राहिलं तर डायनॅमो ठीक. त्या गाडीत जळण्यासारखं होतं तरी काय? चार बल्ब आणि एक हॉर्न. यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीत तर ही तपासणी निव्वळ फालतू, कारण ते इंजिन एकदा सुरू झालं की त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. अल्टरनेटर मेलेला असला तरी ते धडधडत राहणार आणि तुम्ही म्हणणार, ‘चार्जिंग बरोबर आहे’.

आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन कॉम्प्युटरच्या हुकमाने सोडणाऱ्या, गाडीत मामला वेगळा आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटरचा करंट बॅटरी घेत असते आणि वर-खाली होणारं व्होल्टेजही तीच सावरते. भरपूर करंट वाहत असताना टर्मिनल उपसला, की त्या करंटला जायला वाट उरत नाही. अल्टरनेटरच्या फील्ड कॉइलमधलं चुंबकत्व एका क्षणात उतरत नाही. ते उतरेपर्यंत व्होल्टेज उसळतं.

किती उसळतं हे माझ्या मनाचं सांगत नाही. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचण्यांसाठी आयएसओ १६७५०-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. चालू अल्टरनेटरवरून बॅटरी अचानक सुटणं, या एका प्रकारासाठी त्यात स्वतंत्र चाचणी आहे. तिला ‘लोड डंप’ म्हणतात. १२ व्होल्टच्या गाडीत अल्टरनेटरला झटका दाबणारे डायोड नसतील, तर चाचणीत द्यायचा झटका आहे ७९ ते १०१ व्होल्टचा, ४० ते ४०० मिलिसेकंद. डायोड असतील तर तोच झटका ३५ व्होल्टच्या आसपास छाटलेला धरतात. आता तुमच्या गाडीचा अल्टरनेटर तालुक्याला दोनदा उघडून रिपेअर झालेला असेल, तर आत कोणते डायोड बसवलेत हे तुम्हाला माहीत आहे का? बसवणाऱ्याला तरी आठवतं का? आणि ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, आतले कपॅसिटर इतक्या वर्षांच्या उन्हाळ्यांनी थकलेले. त्यांच्यावर असा झटका मारायचा, कशासाठी? लाइट का लागला ते बघायला!

बरं, माणूस हा प्रयोग करतो तरी कधी? बॅटरी उतरली की. म्हणजे नेमकं तेव्हाच, जेव्हा अल्टरनेटर पूर्ण जोराने करंट ढकलत असतो आणि झटका सगळ्यात मोठा बसतो.

अल्टरनेटर बघायला दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर पुरतो. नॉब २० डीसीवर, दोन्ही पिना बॅटरीच्या टर्मिनलला. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ दिसायला हवं. गाडी सुरू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावा, तरी १३.५ च्या खाली फारसं जाऊ नये. १२ वरच अडकलं तर चार्जिंग नाही, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला. एकही नट खोलावा लागत नाही.

आता ‘कोड दिसला की सेन्सर बदला’. काकाजींनी मला फोन करायच्या आधीच हे करून टाकलं होतं. गाडी २०१४ ची, पेट्रोल. रेडिएटरचा फॅन थांबतच नव्हता, गरम इंजिन सुरू करताना पेट्रोलचा वास यायचा आणि ॲव्हरेज पडलं होतं. तालुक्याला स्कॅन केलं, दोषाचा कोड आला पी०११८. ‘पाण्याचा टेम्परेचर सेन्सर गेला.’ नवा टाकला. दुसऱ्या दिवशी लाइट परत.

येणारच. पी०११८ एवढंच सांगतो की त्या सर्किटमधलं व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर आहे. सेन्सर मेला असं तो म्हणत नाही. या सेन्सरमध्ये असतो एक थर्मिस्टर, म्हणजे तापला की रोध कमी होणारा तुकडा. थंड इंजिनवर, २० अंशांच्या सुमाराला, दोन-अडीच हजार ओहम, आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. ईसीयू त्याच्याकडे ५ व्होल्ट पाठवतो आणि किती उरले ते मोजतो. वायर कुठेही तुटली, कपलरची (सेन्सरला वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगची) पिन मागे सरकली, अर्थ सुटला, तर पूर्ण ५ व्होल्ट जसेच्या तसे दिसतात. ईसीयूचा समज होतो की इंजिन उणे ४० अंशांवर आहे. यवतमाळ जिल्ह्यात, मे महिन्यात, उणे ४०! मग तो त्या हिशेबाने जास्त पेट्रोल तरी सोडतो, किंवा आकडा खोटा आहे हे ओळखून स्वतःचा ठरीव आकडा धरतो आणि काळजीपोटी फॅन लावून ठेवतो.

दुकानात जायच्या आधी करायची तपासणी दोन मिनिटांची होती. स्कॅनर लावलेलाच ठेवायचा, सेन्सरचा कपलर काढायचा आणि कपलरच्या दोन भोकांमध्ये छोट्या वायरने जोड द्यायचा. स्क्रीनवरचं तापमान उणे ४० वरून एकदम टोकाला चढलं, तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठीक, दोष सेन्सरचा. काही हललंच नाही, तर सेन्सर बिचारा निर्दोष. हा जोड फक्त दोन वायरच्या टेम्परेचर सेन्सरला द्यायचा. तीन वायरच्या सेन्सरमध्ये दिला तर ५ व्होल्टची लाइनच शॉर्ट होईल. ती लाइन बऱ्याचदा इतर सेन्सरांनाही जाते, म्हणजे एका कोडचे चार होतील. बल्बचा टेस्टिंग लॅम्पही इथे लावायचा नाही, तो या बारीक लाइनींतून झेपणार नाही एवढा करंट ओढतो.

काकाजींच्या गाडीत आकडा जागचा हलला नाही. म्हणून कपलरपासून मागे वायर चाचपत गेलो. कपलरच्या मागे वीतभर अंतरावर, हार्नेस (वायरींचा जुडगा) जिथे लोखंडी पट्टीवरून वळते तिथे, एक वायर बाहेरून अगदी साबूत होती. दोन बोटांत धरून हळूच ताणली तर रबरासारखी लांबली. आत तांबं तुटलेलं, वर नुसतं प्लास्टिक. शेजारच्या वायरवर उंदराचे दात दिसत होते. घरात कापूस आणि बाजूला सोयाबीनचं कुटार असलं की उंदीर राहणारच, आणि थंडीत त्याला इंजिनाइतकी उबदार जागा कुठे मिळणार? तुटलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा तुकडा सोल्डर केला, स्लीव्ह चढवली आणि हार्नेस पट्टीपासून दूर बांधली. नवा सेन्सर तिथेच राहिला. जुनाही चांगलाच निघाला, तो काकाजींनी डब्यात ठेवला आहे.

वायर ‘कंटिन्युटी लावून’ पाहिली आणि बीप वाजली म्हणजे बरोबर, असं समजणाऱ्यांसाठी एक पुरवणी. दहा तारांतली एकच शिल्लक असली तरी बीप वाजते. जास्त करंटच्या लाइनीत आणि अर्थमध्ये लोड देऊनच बघावं लागतं. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या माइनसला, लाल थेट इंजिनच्या उघड्या धातूला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ पट्टी खराब आहे. जुन्या गाडीत तीन-चार सेन्सर एकदम ‘गेले’ असं स्कॅनर म्हणतो, तेव्हा माझा पहिला संशय या पट्टीवर असतो. पट्टीच्या टोकाच्या लगखाली हिरवं-पांढरं चढलेलं असतं. खोलून पॉलिश पेपरने घासा, आवळा, मग पुढचं बोला.

फ्यूजच्या जागी तार. हे वाचून राग आला. १० अँपिअरचा लाल फ्यूज उडतो तो वायरचा जीव वाचवायला. तिथे तांबं टाकलं तर आता फ्यूजचं काम वायर करणार, डॅशबोर्डच्या आत, जळून. फ्यूज परत परत उडत असेल तर त्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून लावा. शॉर्ट असेपर्यंत तो भक्क पेटेल, पण वायर जळण्याइतका करंट जाऊ देणार नाही. मग हार्नेस इथेतिथे हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब मंदावतो किंवा विझतो, तिथे वायर सोललेली आहे.

ऑक्सिजन सेन्सर काढल्याने ॲव्हरेज वाढत नाही. तो काढला की ईसीयूला पेट्रोल कमी पडतंय की जास्त हे कळायचा मार्ग बंद होतो. मग तो ठरीव आकड्यांवर चालतो आणि सहसा जास्तच सोडतो. ते जादा पेट्रोल सायलेंसरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर भट्टीसारखा तापतो. अशी गाडी पऱ्हाटीच्या ढिगाजवळ किंवा वाळल्या गवतावर उभी करून बघू नका. एक मात्र मान्य करतो, मनाविरुद्ध. सेन्सर म्हातारा होऊन खोटं सांगत असेल, तर त्याचा कपलर काढल्यावर गाडी थोडी बरी चालू शकते. कोणाच्या तरी गाडीत तसं झालं असणार आणि तिथूनच हा ‘उपाय’ निघाला असावा. पण त्यातून सेन्सर किंवा त्याची वायर तपासा एवढंच कळतं.

पंधरा मिनिटं टर्मिनल काढून ठेवल्याने लाइट जातो, हे बऱ्याच जुन्या गाड्यांत खरं आहे, आणि गाडी बंद ठेवून केलं तर ईसीयूला धोकाही नाही. पण कोडबरोबर ईसीयूने जपून ठेवलेली नोंदही पुसली जाते. दोष आला तेव्हा इंजिन किती गरम होतं, किती आरपीएम होते, सगळं. इलेक्ट्रिशियनकडे जायच्या आदल्या रात्री लोक हे करतात आणि मग म्हणतात, ‘स्कॅनरमध्ये काहीच दिसत नाही.’

‘शोरूमवाले उगाच पार्ट बदलतात’ हे त्या मेसेजमधलं वाक्य मात्र मी खोडणार नाही. बदलतात. गल्लीतले मिस्त्रीही बदलतात, आणि हा मेसेज तर ते घरबसल्या करायला शिकवतो. म्हणून सेन्सर बदला म्हणणाऱ्याला आधी विचारा, कपलरवर ५ व्होल्ट येतात का, अर्थ मिळतो का, ते मीटर लावून दाखव. दाखवलं तर खुशाल बदला. नसेल दाखवत तर पैसे काढू नका, कारण पार्टच्या दुकानात काउंटरच्या मागे पाटी असते : इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.