लाईट गेली तर रेशन का बंद?

काल पुन्हा तेच. वारं जरा जोरात सुटलं, ३३ केव्हीच्या लाईनवर फांदी पडली आणि फिडर ट्रिप, म्हणजे आमच्याकडं येणारी लाईन आपोआप बंद. आमच्या बीड जिल्ह्यात लाईट जाण्याचं कुणाला नवल नाही. डोकं फिरतं ते त्यापाठोपाठ एकेक करून जे बसत जातं त्यानं.

लाईट गेली की थोड्या वेळात मोबाईलची रेंज जाते, कारण टॉवरच्या बॅटऱ्या मेलेल्या आणि जनरेटरमध्ये डिझेल नाही. रेंज गेली की रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही. काल खुरपणीची रोजंदारी बुडवून आलेली एक मावशी पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा अंगठा लावत होती. गहू समोर, तांदूळ समोर, दुकानदार तिला लहानपणापासून ओळखणारा. तरी द्यायचं नाही! "रेंज आल्यावर या." अहो, तिची मजुरी कोण भरून देणार? सेतू बंद, एटीएम बंद, फोनवरून पैसे देणं बंद, नळाला पाणी नाही कारण विहिरीवरची मोटर बंद.

आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट पुढंच आहे. फांदी कुठं पडली ते शेतातल्या लोकांना दिसत होतं. पण लाईनमनला फोनच लागेना! तो बिचारा भर पावसात मोटारसायकलवर खांब न् खांब बघत फिरला. लाईट नाही म्हणून फोन नाही, आणि फोन नाही म्हणून लाईट लवकर येत नाही.

हे आमचं नशीब वगैरे अजिबात नाही. २८ सप्टेंबर २००३ ला जवळजवळ सगळी इटली अंधारात गेली, तेव्हा वीजकेंद्रं बंद पडल्यानं त्यांना सांभाळणारी संपर्कयंत्रणा कोलमडली आणि त्यामुळं आणखी वीजकेंद्रं पडली. त्याच घटनेवरून बुल्डिरेव्ह, स्टॅन्ली, हॅवलिन वगैरे शास्त्रज्ञांनी २०१० साली 'नेचर'मध्ये गणित मांडून दाखवलं: विजेचं, फोनचं असं एकटं जाळं हळूहळू खिळखिळं होतं, पण एकमेकांवर विसंबलेली दोन जाळी थोड्याशा धक्क्यानं एकदम कोसळू शकतात. पुढच्या अभ्यासात उपायही निघाला, की काही ठिकाणं तरी दुसऱ्याच्या जिवावर न चालता स्वतःच्या पायावर उभी ठेवा. इतकं साधं आहे ते!

मराठवाड्याला तर हे कुणी शिकवायलाच नको. परळीचं औष्णिक वीजकेंद्र दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. विजेला पाणी लागतं आणि पाणी उपसायला वीज लागते, हे आपण अंगावर काढलंय. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचं मोठं जाळं, बसलं, ६० कोटींवर लोकांची वीज गेली. महाराष्ट्र वाचला, कारण पश्चिमेचं ग्रीड वेळीच त्यांच्यापासून सुटं झालं. सुटं होता येणं हीच तर ताकद असते. आणि आपण काय करतोय? जे जे सुटं होतं ते धरून धरून त्याच एका टॉवरला बांधतोय. रेशनचं रजिस्टर गेलं, तलाठ्याच्या हातचा सातबारा गेला, पीकविमा पोर्टलवर गेला. ऑनलाईनला माझा विरोध नाही, भ्रष्टाचार कमी होत असेल तर आनंदच आहे. पण एक बंद पडलं तर दुसरं कशावर चालणार, हे मंजुरी देताना एकानंही विचारू नये?

विचारायला गेलं तर वीजवाले म्हणतात टॉवर आमचा नाही. टॉवरवाले म्हणतात लाईट आमची नाही. पुरवठावाले म्हणतात सर्व्हर वरून आहे. प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर, आणि मावशी रिकामी पिशवी घेऊन घरी!

टॉवरला चालणारी बॅटरी आणि डिझेल सक्तीचं करा, आणि त्याची तपासणी कागदावर नको, लाईट गेलेली असताना करा. रेंज नसेल त्या दिवशी सही घेऊन धान्य द्यायचा लेखी आदेश प्रत्येक दुकानात लावा. सबस्टेशनला मोबाईलवर अवलंबून नसलेला वायरलेस द्या. परतीचा पाऊस अजून यायचाय, त्याच्याआधी यातलं एक तरी कोण करणार, ते नाव आणि तारखेसकट सांगा.