चुण्या इस्त्रीने जात नाहीत, जॅकेट जातं

परवा रात्री साडेनऊला धाकट्या जाऊचा फोन. "ताई, जॅकेट चिकटलं." पुढे तिला बोलवेना. एका ट्रेकिंग ग्रुपची २२ विंडचीटर तिच्याकडे भरतकामाला आली आहेत. छातीवर डावीकडे किल्ला, खाली ग्रुपचं नाव. पहिल्याच जॅकेटला चुण्या पडल्या आणि तिने तो सध्या फिरणारा व्हिडिओ बघून उपाय केला.

हा व्हिडिओ मलाही चौघींनी पाठवलाय. पातळ जॅकेटवर मशीन एम्ब्रॉयडरी करताना चुण्या पडू नयेत म्हणून त्यात ६ उपाय आहेत: रिंगमध्ये कापड ढोलासारखं ताणा, वरचा दोरा घट्ट करा, टाके दाट भरा, फाडायच्या पेपरचे (कापडाला आधार म्हणून खाली लावतात तो) तीन थर लावा, मशीन हळू चालवा, आणि तरीही चुण्या राहिल्या तर फुल गरम इस्त्री फिरवा.

इस्त्रीपासूनच सुरू करते, कारण नुकसान तिनेच केलं. जॅकेटच्या आत शिवलेलं लेबल बघा. इस्त्रीच्या चित्रात एक टिंब असेल, तर आयएसओ ३७५८ या मानकाप्रमाणे त्याचा अर्थ ११० अंश सेल्सिअसच्या वर जायचं नाही. बऱ्याच विंडचीटरवर तर इस्त्रीवर फुलीच असते. इस्त्रीचं बटण कॉटनवर नेलं की तापमान २०० च्या आसपास जातं. साधं नायलॉन २२० ला वितळतं, पण मऊ त्याआधीच पडतं, आणि आतलं कोटिंग त्याहून लवकर दगा देतं. जाऊच्या जॅकेटवर किल्ल्याशेजारी इस्त्रीच्या टोकाचा चकचकीत डाग उठलाय, आतून कोटिंग अस्तराला चिकटलंय. आणि चुण्या? जशाच्या तशा. जाणारच कशा! ती कापडावरची घडी नाही. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापड गोळा होतं, तसं इथे दोऱ्याने कापड धरून ठेवलेलं असतं. नाडी सैल न करता परकराला कितीही इस्त्री करा, काय उपयोग?

नाडी पहिल्यांदा ओढली जाते ती रिंगमध्येच. ज्यांना पटत नाही त्यांनी जुन्या विंडचीटरच्या तुकड्यावर पेनाने बांगडी ठेवून गोल काढावा, मग तो रिंगमध्ये लावून कडा ओढाव्यात. गोल लांबट होतो, तिरक्यात ओढलं तर जास्तच. त्या ओढलेल्या कापडावर तुम्ही हजारो टाके मारता. रिंग काढली की कापड मूळ मापाला परततं, टाके मात्र ताणलेल्या मापाचेच राहतात. उरलेलं कापड मग डिझाइनच्या भोवती गोळा होतं. यात अर्धं खरं एवढंच की काहीतरी ढोलासारखं घट्ट हवं. ते कापड नव्हे, पेपर. मी पेपर रिंगमध्ये घट्ट बसवते, त्यावर चिकटवायचा स्प्रे हलका मारते आणि जॅकेट न ओढता, हाताने सपाट करत वर ठेवते. रिंगचे वळही उठत नाहीत. अस्तर असेल तर त्याची खालची शिवण वीतभर उसवून पेपर फक्त वरच्या कापडाखाली घ्यायचा. दोन्ही एकत्र धरलीत तर एक सरकतं, एक राहतं.

वरचा दोरा घट्ट करणं म्हणजे नाडी आणखी ओढणं. त्यात पॉलिएस्टरचा दोरा ताणाखाली लांबतो आणि नंतर आखडतो. सॅटिन टाक्याची, म्हणजे शेजारी-शेजारी आडव्या टाक्यांनी भरलेली, पट्टी उलटी करून बघा: मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या, म्हणजे खालच्या, दोऱ्याचा आणि दोन्ही कडांना वरचा दोरा दिसला पाहिजे. खाली नुसता बॉबिनचाच दोरा दिसत असेल तर वरचं टेन्शन कमी करा.

दाट टाक्यांचं तर मला कळतच नाही, हे सांगणाऱ्याने कधी नायलॉनवर काम केलंय का. ४० नंबरच्या दोऱ्याला टाक्यांच्या ओळींमध्ये ०.४० मिलिमीटर अंतर नेहमीचं. व्हिडिओत ०.३० सांगितलंय! भरलेल्या एसटीत आणखी माणसं कोंबली की आधीची सरकणारच, तसे कापडाचे धागे बाजूला रेटले जातात. मी नायलॉनवर ०.५० पर्यंत मोकळं करते. आपल्या देवनागरीत तर शिरोरेषा असते. ती आधी एका दमात सलग मारून मग अक्षरं टांगली, की दोन अक्षरांच्या मधे कापडाचा फुगा अडकतो. पंचिंग करणाऱ्याला, म्हणजे मशीनसाठी डिझाइनची फाइल बनवणाऱ्याला, सांगा, अक्षर आणि त्याची रेघ बरोबरच घ्या, आणि नाव मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे जाऊ द्या.

फाडायचा पेपर तीन थर लावला तरी शेवटी फाडूनच टाकायचा. मग टाक्यांना आधार कोण देणार? जाळीचा, कापायचा पेपर एक थर पुरतो. तो आत राहतो आणि फिक्या जॅकेटवरही फारसा दिसत नाही.

मशीन हळू चालवा, हे बरोबर आहे. मिनिटाला ६०० टाक्यांच्या आत ठेवा. सुई ९ नंबरची, टोकदार घ्या. जाड सुईची भोकं कोटिंगवर कायमची राहतात.

रविवारी मी जाऊकडे गेले. किल्ल्याचा भराव काढून नुसती बाहेरची रेघ ठेवली, वर दोन बुरूज. टाके निम्म्याहून कमी झाले. जुन्या रेनकोटच्या तुकड्यावर आधी एक काढून पाहिलं, रिंग सोडली, कापड सपाट. संध्याकाळपर्यंत ७ जॅकेटं झाली. डाग पडलेलं मात्र तिला स्वतःच्या पैशातून भरून द्यावं लागणार आहे.