मतपेटी लंडनची, यादी धारावीची

धारावीच्या पुनर्विकासावरच्या वादात लंडनचं नाव दोन्ही बाजू घेतात. विरोधक म्हणतात, तिथे रहिवाशांचं मतदान झाल्याशिवाय सरकारी वसाहत पाडता येत नाही. समर्थक म्हणतात, तिथेही जुन्या वसाहती पाडूनच टॉवर उभे राहिले, मग मुंबईनेच काय पाप केलं? लंडनमध्ये बसून हे वाचताना खटकतं ते इतकंच, की दोन्ही गोष्टी बहुतांशी खऱ्या असूनही त्यांचा क्रम कुणी सांगत नाही. वसाहती आधी पडल्या. लोक कुठे फेकले गेले, हे रहिवाशांनी आणि भूगोलाच्या अभ्यासकांनी नकाशावर मांडलं. मतदानाचा नियम त्यानंतर आला.

या अभ्यासकांत लोरेटा लीस यांचं नाव ठळक आहे. त्या भूगोलाच्या प्राध्यापक, आधी लंडनच्या किंग्ज कॉलेजात, मग लेस्टर विद्यापीठात. विषय एकच: शहराचा एखादा भाग ‘सुधारतो’ तेव्हा तिथली जुनी माणसं जातात कुठे? त्यांनी भाडेकरूंच्या संघटनांबरोबर बसून २०१४ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. पालिकेचं पत्र दारात पडलं की काय विचारायचं, कोणती आकडेवारी मागायची, हरकत कशी नोंदवायची, असा तिचा मजकूर. वसाहतीत संशोधकांबद्दल फारसा भरवसा उरलेला नसतो. प्रश्नावली भरून घेणारे पुष्कळ येतात, निष्कर्ष सांगायला परत कुणी फिरकत नाही. लीस यांचं वेगळेपण मला इथे दिसतं.

दक्षिण लंडनमधल्या एलिफंट अँड कॅसलची हेगेट वसाहत हा या विषयातला सर्वांत गाजलेला दाखला. सत्तरच्या दशकातल्या या वसाहतीत सुमारे १,२०० घरं होती, बहुतेक पालिकेच्या भाड्याची. तिच्या जागी २,७०० च्या आसपास घरांचा प्रकल्प मंजूर झाला. त्यात जुन्या दराच्या सामाजिक भाड्याची, म्हणजे बाजारापेक्षा बऱ्याच कमी भाड्याची, घरं किती? ८२. भाडेकरूंना परत येण्याचा हक्क कागदावर होता, पण ज्या नव्या इमारतींत त्यांना हलवायचं होतं त्या वेळेवर बांधूनच झाल्या नाहीत. लोकांना मिळेल तिथे घर घ्यावं लागलं, आणि मुलं नव्या शाळेत रुळल्यावर परत येतो कोण? ज्यांनी आपली घरं विकत घेतली होती त्यांची अवस्था आणखी वाईट झाली. भरपाई जुन्या घराच्या बाजारभावाने मिळाली आणि त्या पैशात शेजारच्या नव्या इमारतीत खोलीही येत नव्हती. त्यांच्या नव्या पत्त्यांचा नकाशा काढल्यावर ठिपके लंडनच्या पार कडेला, काही त्याही पलीकडे गेलेले दिसले.

अशा प्रकल्पांत मेख असते ती व्यवहार्यता अहवालात. ‘परवडणारी’ घरं किती देणं झेपेल याचा हिशेब विकासक मांडतो. विक्रीची अंदाजित रक्कम, त्यातून बांधकामाचा खर्च, जमिनीची किंमत आणि आपला नफा वजा करून उरेल तेवढंच सामाजिक घरांसाठी. विक्रीचा दर जरा कमी धरला, नफा जरा जास्त धरला, की उरतं शून्य. हेगेटचा अहवाल गोपनीय ठेवला होता. माहितीच्या हक्काखाली प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये त्यातला बराच भाग उघड करण्याचा आदेश झाला. आता असे अहवाल सार्वजनिक करणं हा इंग्लंडमध्ये सर्वसाधारण नियम आहे. शिवाय ‘परवडणारं’ म्हणजे काय तेही पाहावं लागतं. २०११ पासून बाजारभाड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतचं भाडंही त्या नावाखाली खपतं, आणि लंडनच्या बाजारभाड्याचे ८० टक्के कुठल्याही सफाई कामगाराला झेपत नाहीत.

हेगेटच्या जवळच एल्सबरी वसाहत आहे, सुमारे २,७०० घरांची. १९९७ मध्ये पंतप्रधान झाल्यावर टोनी ब्लेअर पहिलं मोठं भाषण करायला तिथेच गेले होते. २००१ मध्ये वसाहत पालिकेकडून दुसऱ्या संस्थेकडे सोपवण्यावर रहिवाशांचं मतदान झालं. ७६ टक्के मतदान, त्यातले ७३ टक्के विरोधात. तरीही २००५ मध्ये पालिकेने पाडण्याचा निर्णय घेतला. मग तिथे घरं विकत घेतलेल्या रहिवाशांनी सक्तीच्या संपादनाला आव्हान दिलं. २०१५ च्या जाहीर चौकशीत लीस तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या आणि २०१६ मध्ये मंत्र्यांनी चक्क संपादन नाकारलं. कारणांत घर आणि कुटुंबजीवनाचा हक्क होता, आणि कृष्णवर्णीय व अल्पसंख्याक रहिवाशांवर जास्त भार पडतो हा मुद्दाही होता. पुढे न्यायालयात तो निर्णय रद्द झाला, दुसरी चौकशी लागली आणि जमीन अखेर गेलीच. पण मधल्या काळात घरमालकांना देऊ केलेल्या अटी सुधारल्या. संशोधनाने इमारत वाचली नाही, सौदा बदलला. हेही थोडं नव्हे.

मतदानाचा नियम जुलै २०१८ चा. महापौरांच्या निधीवर चालणाऱ्या प्रकल्पात सामाजिक घरं पाडायची असतील आणि १५० किंवा जास्त नवी बांधायची असतील, तर मतदान सक्तीचं. ते स्वतंत्र संस्थेने घ्यायचं, साधं बहुमत पुरतं, सोळा वर्षांवरच्यांना मत. त्याआधी वसाहत ज्या पालिकेची किंवा संस्थेची, तिने लेखी प्रस्ताव द्यायचा: एकूण घरं किती, कोणत्या प्रकारची किती, परत येण्याचा हक्क कसा, मालकांना काय मिळणार. माझ्या मते मतपेटीपेक्षा हा कागद मोलाचा आहे, कारण पुढे शब्द फिरवला तर दाखवायला काहीतरी हातात राहतं.

भोकंही आहेत. निकाल जवळजवळ सगळीकडे ‘हो’ लागतो. गळक्या छपराची वर्षानुवर्षे डागडुजीच केली नाही, तर माणूस पाडायला ‘हो’ म्हणणारच. आधीच घरं रिकामी करून गेलेल्यांना मत नाही. खासगी भाडेकरूला मत मिळायचं तर त्याचं नाव किमान वर्षभर पालिकेच्या घरांच्या प्रतीक्षायादीत असावं लागतं. आणि नियमाच्या आधी निधी मंजूर झालेल्या वसाहती सुटल्या.

आता मुंबई. आपल्याकडे विश्वास बसेल अशी रीत नाही असं कुणी म्हटलं, तर त्याला सहकार कायद्याचं कलम ७९अ दाखवावं. सोसायटीच्या पुनर्विकासासाठी त्याखाली २००९ मध्ये आलेले आणि ४ जुलै २०१९ ला सुधारलेले निर्देश लंडनच्या नियमापेक्षा काटेकोर आहेत. सल्लागार नेमायचा, व्यवहार्यता अहवाल सभासदांपुढे ठेवायचा, निविदा मागवायच्या. विकासक निवडायच्या सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती, निबंधकांचा प्रतिनिधी हजर, व्हिडिओ चित्रीकरण, आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची मंजुरी. न्यायालयांनी हे निर्देश बंधनकारक न मानता मार्गदर्शक मानले आहेत, तरी मुलुंड-बोरिवलीतल्या सोसायट्या निदान त्या चौकटीत भांडतात.

झोपडपट्टीत शिरलं की ही चौकट विरघळते. संमतीची अट आधी ७० टक्के होती, आता ५१ टक्क्यांवर आली. तीही मोजायची परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे सरकारी पात्रता यादीत, पात्र ठरलेल्यांतूनच. माळ्यावर राहणारं कुटुंब त्यात नाही. संमतीपत्रं बहुधा विकासकाची माणसं दारोदार फिरून गोळा करतात. सही करणाऱ्यापुढे मजल्याचा नकाशा नसतो, तात्पुरत्या भाड्याची हमी नसते. मग विकासक भाडं थकवतो आणि इमारत अर्धवट राहते. यासाठीच २०२३ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश अशी अट घातली. हा नियम चांगला आहे, पण प्राधिकरण १९९५ चं आहे हे लक्षात घेतलं तर उशीर डोळ्यांत भरतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोरिवलीच्या एका रखडलेल्या योजनेच्या निमित्ताने झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचाच आढावा घ्यायला सांगितलं. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्याखालची सोळाशेहून अधिक प्रकरणं पडून होती.

धारावीत तर संमतीची अटच नाही. तळमजल्यावरची, १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर धारावीतच ३५० चौरस फूट मोफत. २००० ते २०११ मधल्यांना धारावीबाहेर ३०० चौरस फूट, अडीच लाख रुपये भरून. त्यानंतरच्यांना आणि वरच्या मजल्यांवरच्यांना बाहेरच, भाड्याने, पुढे विकत घेण्याच्या पर्यायासह. बाहेर म्हणजे देवनारचं डम्पिंग ग्राउंड आणि मुलुंड-कांजूरची मिठागरं, ही नावं पुढे आलेली आहेत. डेव्हिड हार्वी या भूगोलतज्ज्ञाने २००८ मध्येच शहरावरच्या हक्काची चर्चा करताना धारावीचं उदाहरण घेतलं होतं. मोफत घराची योजना जमिनीच्या भावावर चालते, म्हणून वांद्र्याच्या शेजारी सगळ्यांना घाई आहे आणि गोवंडीला कुणी विचारत नाही.

घर मिळाल्यानंतरचंही बघावं. पुनर्वसन इमारतीच्या देखभालीसाठी विकासकाने दर घरामागे ठेवायची रक्कम आधी २०,००० होती, मग ४०,००० रुपये झाली. सात टक्के व्याज धरलं तर चाळीस हजारांचे वर्षाला २,८०० होतात, महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास. वीस मजल्यांच्या इमारतीची लिफ्ट, पंप आणि सामायिक वीज त्यात कशी चालणार? लिफ्ट बंद पडते, म्हातारी माणसं घरात अडकतात, खोली परस्पर विकली जाते, आणि वर्तमानपत्रात मथळा येतो की झोपडीवाल्यांना घराची किंमत नाही. माहूलला प्रकल्पग्रस्तांना रिफायनरींच्या शेजारी नेऊन बसवलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या.

म्हणून मतदान आणा एवढीच मागणी मला अपुरी वाटते. धारावीतल्या प्रत्येक दाराचं सर्वेक्षण झालं की पात्र-अपात्राची यादी होईलच. तिच्याबरोबर तीन गोष्टी जाहीर व्हायला हव्यात. प्रत्येक गटाला नेमकं कुठे, कोणत्या साली नेणार, याचा लेखी प्रस्ताव मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये आणि उर्दूत. प्रकल्पाचा व्यवहार्यता अहवाल, नफ्याच्या रकान्यासकट. आणि हललेल्या कुटुंबांची पुढची नोंद: एक, तीन आणि पाच वर्षांनी पत्ता काय, कामाला जायला किती वेळ लागतो, मुलं शाळेत आहेत का, देखभाल खर्च भरता येतो का. अपात्र ठरलेल्यांचीही. हे काम प्राधिकरणाने स्वतः करू नये. मुंबई विद्यापीठाचा भूगोल विभाग आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, त्यांच्याकडे द्यावं, आणि पहिली फेरी घरं रिकामी होण्याआधीच उरकावी, कारण नंतर शोधायला पत्ते उरत नाहीत.